आईस हॉकीत सगळं कोचच ठरवतो, मग कॅप्टनचं काम काय?

तुमचा प्रश्न असा आहे की आईस हॉकीत कोणी कधी उतरायचं हे बाकामागं उभा असलेला कोच ठरवतो, मग जर्सीवर ‘सी’ लावलेल्या कॅप्टनला उरतं काय? मी परभणीत पोरींना खो-खो शिकवतो. पुतण्या टोरोंटोला आहे, त्याच्या नादानं कित्येक हिवाळे पहाटे साडेपाचला उठून एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आईस हॉकीच्या मोठ्या लीगचे, सामने बघतोय. मला जे दिसलं ते सांगतो.

पंचांशी नियमाबद्दल बोलायचा हक्क कॅप्टनला असतो, पण ते किरकोळ काम. खरं काम बाकावर चालतं. सामना 60 मिनिटांचा, बर्फावर गोलकीपर धरून सहा जण. फॉरवर्ड पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळला की परत बाकावर, आणि ही अदलाबदल खेळ चालू असतानाच होते. भारीतला भारी फॉरवर्डही 20 मिनिटांच्या आसपासच बर्फावर असतो. आपल्या खो-खोत पळणाऱ्यांच्या तीन-तीनच्या तुकड्या उतरतात, तसंच काहीसं. फक्त तिथं बाद व्हायची वाट बघत नाहीत. आता ज्याची पाळी कमी झाली, तो तोंड पाडून बसला की त्याला कोण उठवणार? कोचच्या ओरडण्यानं तो आणखी आत जातो. शेजारी बसलेल्याचंच तो ऐकतो, तेही त्या शेजाऱ्यानं स्वतः काही सोडलेलं असेल तर.

स्टीव्ह आयझरमन बघा. 1986 मध्ये, 21 व्या वर्षी तो डेट्रॉइट रेड विंग्ज या एनएचएल संघाचा कॅप्टन झाला. 1988-89 च्या हंगामात त्याचे 65 गोल आणि 90 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) होते. 1993 मध्ये स्कॉटी बोमन कोच म्हणून आले आणि त्यांनी या गोल करणाऱ्या माणसाला मागं येऊन बचाव करायला लावलं. त्याचे आकडे घसरले. त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकणार अशा वावड्याही उठल्या. तरी तो मागं येत राहिला. कॅप्टनच मागं येतोय म्हटल्यावर दुसरा कोण नाही म्हणणार? 1997 ला डेट्रॉइटनं 42 वर्षांनी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला.

त्यानंतर सहाच दिवसांत त्यांचा बचावपटू व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह गाडीच्या अपघातात कायमचा जायबंदी झाला. 1998 ला पुन्हा जिंकले. कप आधी कॅप्टनच्या हातात येतो. आयझरमननं तो व्हीलचेअरवरच्या कॉन्स्टँटिनोव्हच्या मांडीवर नेऊन ठेवला. ते दृश्य मी आजही पोरींना मोबाइलवर दाखवतो.

माझ्या संघाची कॅप्टन आमची सगळ्यात चपळ पळणारी. पहिल्या तुकडीत पळायचं, टाळ्या घ्यायच्या, ही तिला सवय. पण शेवटच्या दोन मिनिटांत आमची फळी कोसळायची, म्हणून मी तिला तिसऱ्या तुकडीत जा म्हणालो. ती काही बोलली नाही. खुंटाला टेकून, माझ्याकडं पाठ करून बराच वेळ उभी राहिली. मला रात्री झोप लागली नाही, पोरगी खेळ सोडते की काय या काळजीनं. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचलो तेव्हा तिनं पाणी मारून माती बसवली होती, आणि शाळेच्या भिंतीवर खडूनं तुकड्या लिहिल्या होत्या. तिसऱ्या तुकडीत पहिलं नाव तिचं. खाली उरलेल्या दोन जागा रिकाम्या ठेवून ती पोरींना विचारत होती, “माझ्यासंगं कोण येतंय?”