‘ओके’ डिझाइनला होतं, दराला नव्हतं

प्रश्न : नाशिकमध्ये माझी कार्यक्रम-आयोजनाची फर्म आहे, सहा माणसं कामाला आहेत. एका परिषदेसाठी आयकार्डच्या १,५०० छापील पट्ट्या (लॅनयार्ड) हव्या होत्या. पुरवठादाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘२० एमएम, सिंगल कलर, हुकसहित २२ रु. पीस, शुक्रवारपर्यंत मिळेल’. मी ‘कन्फर्म’ लिहून १६,५०० रुपये ॲडव्हान्स पाठवला. नंतर लोगो पाठवला, तो बहुरंगी निघाला. ‘मल्टीकलर होईल, रेट कळवतो’ असं उत्तर आलं. दर कळवलाच नाही. डिझाइनचा प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आला, मी ‘ओके’ म्हटलं. आल्या १,५७५ पट्ट्या. बिल : ३१ रुपयांनी ४८,८२५, स्क्रीन चार्ज २,४००, अर्जंट चार्ज ३,०००, एकूण ५४,२२५, वर जीएसटी. १,४२० वाटल्या, त्यातल्या ६० चे हुक तुटले. माल येऊन सहा दिवस झाले. फोनवर भांडण झालं, लेखी काही नाही. तो म्हणतो, ‘एमएसएमईत केस टाकतो.’ मी किती देणं लागते?

उत्तर : आधी घड्याळ बघा, पैशांचं नंतर. पुरवठादाराची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा लागू होतो. त्यात मालाबद्दलची हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी घ्यावी लागते. न घेतल्यास माल आला त्याच दिवशी तुम्ही तो स्वीकारला, असं कायदा धरतो. फोनवरचं भांडण हरकत ठरत नाही. तेव्हा हे वाचून होताच ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर हरकत पाठवा, एक प्रत स्पीड पोस्टने टाका.

धमकी पोकळ समजू नका. उधारीची मुदत लेखी ठरलेली नसेल तर स्वीकारापासून १५ दिवसांनी पैसे थकीत होतात. लेखी ठरली असली तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. पुढचं व्याज कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के झाले. अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचं झालं, तर रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात. मात्र त्याचं उद्यम प्रमाणपत्र मागून घ्या आणि उद्यम पोर्टलवर पडताळा. मध्यम उद्योगाला ही थकबाकीची तरतूद मिळत नाही. तो स्वतः पट्ट्या बनवत नसून आणून विकणारा व्यापारी असेल, तर त्याचा दावा बराच लंगडा पडतो.

आता दर. २२ रुपयांचा करार पक्का आहे आणि त्याचा सर्वात चांगला पुरावा तुमचा ॲडव्हान्स आहे : १,५०० गुणिले २२ म्हणजे ३३,०००, त्याचे बरोबर निम्मे १६,५००. ते त्याने निमूट घेतले. पण तो दर एका रंगाचा होता. लोगो बहुरंगी निघाल्यावर काम बदललं, ते तुमच्यामुळे, आणि बदललेल्या कामाचा दर ठरलाच नाही. अशा वेळी मालविक्री कायदा, १९३० चं कलम ९ म्हणतं की वाजवी किंमत द्यायची. म्हणजे ‘मी २२ च देणार’ हेही टिकत नाही आणि ‘मी लावला तो दर’ हेही नाही. प्रूफवरचं ‘ओके’ अक्षरं, रंग आणि जागा यांना होतं. प्रूफवर दर छापलेला नसेल तर त्याला दराची संमती म्हणता येत नाही.

वाजवी म्हणजे किती, हे पट्टी कशी बनते त्यावरून ठरतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन (छपाईची जाळी) लागते. हा खर्च एकदाच होतो, म्हणून नग जितके जास्त तितका तो पातळ पसरतो : १,२०० रुपयांचा सेटअप १०० पट्ट्यांवर नगामागे १२ रुपये पडतो, १,५०० वर ८० पैसे. चार रंग, त्यात एकातून दुसऱ्यात विरघळणारी छटा असेल, तर २० एमएमच्या अरुंद पट्टीवर रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. म्हणून असं काम सहसा सब्लिमेशनने करतात : डिझाइन कागदावर छापून उष्णतेने पांढऱ्या पॉलिस्टर पट्टीत उतरवायचं. त्यात स्क्रीन लागतच नाही. तुमच्या बिलातली ओळ तपासायची ती इथे. छापावरून नख फिरवा. रंग धाग्यात मुरलेला, उंचवटा नाही आणि मागची बाजू पांढरी असेल तर ते सब्लिमेशन आहे. मग २,४०० रुपयांच्या स्क्रीन कुठे वापरल्या, हे त्याने सांगावं. रंगाचा थर हाताला लागत असेल तर मात्र स्क्रीनचा खर्च खराच झाला असणार. तो २२ रुपयांत धरला होता की वेगळा, इतकाच वाद उरतो.

दरातला फरक मोजायला दोन-तीन इतर पुरवठादारांकडून लेखी कोटेशन घ्या. रुंदी, छपाईची पद्धत, एक बाजू की दोन, हुकाचा प्रकार, सेफ्टी जोड (ओढ बसली की सुटणारा) आहे की नाही आणि १,५०० नग, हे सगळं तंतोतंत तेच हवं. दोन बाजूंची छपाई म्हणजे जवळपास दुप्पट काम, आणि ५०० नगांचं कोटेशन दाखवलंत तर समोरचा वकील ते पहिल्याच मिनिटाला उडवून लावेल. अर्जंट चार्जला काहीच आधार दिसत नाही. शुक्रवार त्याच्याच पहिल्या मेसेजमध्ये आहे, २२ मध्येच आला.

जादा ७५ पट्ट्यांना मालविक्री कायद्याचंच कलम ३७ लागतं : ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर ठरलेला ठेवून उरलेला नाकारता येतो. छपाईत थोडं कमी-जास्त चालतं ही व्यापारी प्रथा तो पुढे करेल. मग ती सिद्ध करायची जबाबदारी त्याची. १,४२० च वाटल्यामुळे १५५ न वापरलेल्या तुमच्याकडे आहेत, त्यातून या ७५ देता येतील. नाकारल्याचं आजच लिहा, कारण गप्प राहून ठेवून घेतलेला माल कलम ४२ प्रमाणे स्वीकारलेला ठरतो. परत पोचवण्याचं ओझं तुमच्यावर नाही (कलम ४३). परिषदेचं नाव छापलेल्या पट्ट्या त्यालाही दुसरीकडे विकता येणार नाहीत, म्हणून तो चिडेल. चिडू दे.

तुटलेल्या हुकांसाठी अख्खा माल आता नाकारता येणार नाही, तो वापरला गेला आहे. पण कलम ५९ प्रमाणे किंमत कमी करून मागता येते. हुकाची जीभ निघालेले ६० नग मोजून पाकिटात सीलबंद ठेवा, फोटो काढा, कोणी कधी परत केले ते टिपून ठेवा. फेकलेत तर आकडा फक्त तोंडी उरतो.

मग हिशेब. समजा कोटेशनांवरून बहुरंगासाठी नगामागे ४ रुपये जादा वाजवी निघाले. १,५०० गुणिले २६ म्हणजे ३९,०००. तुटलेल्या ६० चे १,५६० वजा, उरले ३७,४४०. ॲडव्हान्स १६,५०० वजा जाता २०,९४०, अधिक ३७,४४० वरचा जीएसटी. ही रक्कम लगेच बँकेतून भरा, ‘वादमुक्त भाग, उर्वरित बिल अमान्य’ असं मेलमध्ये लिहून. व्याजाचं चक्र मग फक्त वादाच्या रकमेवर फिरेल. सोबत कमी किमतीची क्रेडिट नोट (बिल तेवढं कमी केल्याचा कागद) मागा. तुम्ही जीएसटीत नोंदलेल्या असाल तर आणखी एक : बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत न दिलेल्या रकमेवर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) उलटवावं लागतं.

बिलाच्या तळाशी ‘२४ टक्के व्याज’ किंवा ‘न्यायक्षेत्र पुणे’ असं छापलेलं असेल तर घाबरू नका. करार झाल्यावर एकाने छापलेली अट दुसऱ्यावर आपोआप बसत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सोडा. सहा माणसांच्या फर्मने धंद्यासाठी घेतलेला माल ‘व्यावसायिक हेतू’त मोडतो आणि तक्रार बहुधा दारातच अडेल.

व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका, फोन बदलू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. प्रकरण पुढे गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, आणि ते देताना मूळ फोन हाताशी असलेला बरा. हरकतीच्या मेलमध्ये रागाचा एकही शब्द नको. इतकं पुरे : ‘ऑर्डर १,५०० नग, ठरलेला दर २२ रु. (एकरंगी). बहुरंगी छपाईचा दर ठरलेला नाही, वाजवी फरक मान्य. स्क्रीन व अर्जंट चार्ज अमान्य. ७५ जादा नग नाकारले आहेत, घेऊन जावेत. ६० नगांचे हुक सदोष, नग तपासणीसाठी उपलब्ध. उद्यम प्रमाणपत्राची प्रत पाठवावी.’