माळ घातली, पण उधारीचं काय?

एका ताईंनी विचारलंय: धाकट्या भावाने ऑनलाइन रमीत साडेचार लाख घालवले. आषाढीला त्याने माळ घातली. आता रोज हरिपाठ, मटण-मासे बंद. "हे खरं मानायचं, की हेही एक खूळ?"

मला हाच प्रश्न नैरोबीत पडला होता. तिथे मी काही वर्षं समुपदेशन केलं, त्यातली ही एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सव्वीस वर्षांचा मुलगा, मूळचा व्हिक्टोरिया सरोवराकाठचा. बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवायचा आणि दिवसाची कमाई रात्री इंग्लिश फुटबॉलच्या सामन्यांवर लावायचा. केनियात २००७ पासून एम-पेसामुळे पैसा फोनवरच फिरतो. २०१९ मध्ये त्यात शिल्लक नसतानाही पैसे उचलायची सोय आली. सट्टा लावणाऱ्याला आणखी काय हवं! शेवटी त्याने आईच्या चामाच्या पैशांना हात घातला. चामा म्हणजे आपली भिशी. हिशेब आईकडे असायचा, त्यामुळे चोर तीच ठरली.

चौथ्या भेटीला तो उजळलेल्या चेहऱ्याने आला. "निमेओकोका," म्हणाला. माझं तारण झालं. रात्रभर चाललेल्या प्रार्थनेत तो रडला होता, पास्टरने डोक्यावर हात ठेवला होता. मी वरवर हसले, पण आतून धास्तावले. एक नशा उतरून दुसरी चढलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. त्यातून त्याने चर्चमध्ये पाच हजार शिलिंग 'बी पेरलं' होतं. देव कितीतरी पटींनी परत देणार होता म्हणे. मी विचारलं, "मग सट्ट्यात आणि यात फरक काय?" तो तडक उठून गेला आणि तीन आठवडे फिरकला नाही. प्रश्न चुकीचा नव्हता, पण मी फार लवकर विचारला.

परत आला तेव्हा वेगळीच हकिकत घेऊन. त्याने गावी आजीला फोन केला होता. आजी जुन्या वळणाची. १९३० च्या दशकात रुवांडातल्या गाहिनी मिशनपासून एक धर्मजागृती युगांडा, केनियात पसरली, तिच्या मंडळीतली. चारचौघांत उभं राहून केलेली चूक बोलायची आणि घेतलेलं परत करायचं, ही त्या मंडळींची रीत. आजीने एवढंच विचारलं होतं, "बायकांचे पैसे दिलेस का?"

पुढच्या रविवारी तो चामाच्या बैठकीत गेला आणि बारा बायकांसमोर म्हणाला, "चोर आई नाही, मी आहे." एकीने चप्पल उगारली. बाकीच्यांनी हप्ता ठरवला: रोज संध्याकाळी दोनशे शिलिंग, थेट खजिनदारणीच्या हातात.

माझी शंका त्या दिवशी निम्मी झाली. देव भेटला की नाही, हे तपासायचं साधन माझ्याकडे नाही. हप्ता मात्र मोजता येतो. श्रद्धेने त्याला दोन गोष्टी मिळाल्या, ज्या मी तासाभराच्या भेटीत देऊ शकले नसते: लाज बोलून टाकायची जागा आणि रोज संध्याकाळी वाट पाहणारी माणसं. भेटी आम्ही थांबवल्या नाहीत. पास्टर "आता समुपदेशन कशाला" म्हणाला, तेव्हा मुलगाच उत्तरला, "प्रार्थना करतो, आणि पंक्चरही काढतो."

सात महिन्यांनी तो एकदा घसरला. एका रात्रीत आठशे शिलिंग. पूर्वी त्याने ते भरून काढायला आणखी लावले असते. या वेळी सकाळीच खजिनदारणीच्या दारात जाऊन सांगितलं. तिने चहा दिला आणि हप्त्यांची मुदत एका आठवड्याने वाढवली.

तेव्हा ताई, भावाच्या माळेवरून त्याला टोचू नका, आणि माळ घातली म्हणून कर्जाचा विषय बंदही करू नका. कोणाचे किती द्यायचे, हे त्याला त्याच्याच हाताने कागदावर लिहू द्या. तो कागद आणि त्याला घेऊन या. सोबत त्याच्या दिंडीतलं कुणी जाणतं माणूस आलं तर फारच बरं.