गोव्यात घरच्या रीफ टँकमध्ये कार्नेशन कोरल जगतो का? लाइट किती लागेल?

कार्नेशन म्हणजे मऊ अंगाचा, दगडी सांगाडा नसलेला कोरल. त्याला लाइट लागतच नाही. प्रकाशावर अन्न तयार करणारं शेवाळ या कोरलच्या अंगात नसतं. त्यामुळे कितीही भारी दिवे लावा, तो उपाशीच मरणार. १९९५ साली तांबड्या समुद्रातल्या याच कुळावर काम झालं, तेव्हा कळलं की हा मुख्यतः सूक्ष्म वनस्पती खातो. म्हणजे फायटो, आणि तेही दिवसभर थेंब थेंब. सकाळ-संध्याकाळ एकेक डोस ओतून काही होत नाही.

एवढं खायला घातलं की पाण्यात घाण साठून नायट्रेट चढतं, मग पाणी बदला, मग समुद्राचं पाणी बनवायच्या मिठाची बादली मागवा. आमच्या घरातलं भांडण इथूनच सुरू होतं. मी ताळगावचा, मिरामारचा किनारा जवळच. भावोजींचं वर्षानुवर्षं एकच पालुपद: "अरे, दर्या दाराशी आणि तू मीठ विकत घेतोस?"

त्या वर्षी ऐन गणेश चवथीच्या तोंडावर मीठ संपलं आणि कुरियर अडकलं. आदल्या दिवशी मी स्टुलावर चढून गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची माटोळी बांधत होतो, दातांत सुतळी. भावोजी दोन कॅन घेऊन आत गेले. मी खाली उतरेपर्यंत १२० लिटरच्या टाकीतलं ४० लिटर पाणी बदलूनही झालं होतं. "घे, केलं तुझं काम!"

कॅनच्या तळातला थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर घेतला. १.०१०. टाकी १.०२५ वरून १.०२० वर आली होती. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी कॅन बुडवला तर निम्मी नदीच येणार ना!

पाहुणे झोपल्यावर टॉर्च मारून बघितलं. एरवी कोरल रात्री फुगून वीतभर व्हायचा. देठ काचेसारखा, आत पांढऱ्या सुया दिसायच्या, टोकांना रातांब्याचा रंग. त्या रात्री पिळून टाकलेल्या सोलासारखा दगडाला चिकटून बसला होता. तिसऱ्या दिवशी देठ विरघळायला लागला, तेव्हा सायफनने ओढून काढला.

भावोजी म्हणतात, "ते आधीच मरायला टेकलं होतं." सात महिने जगलेला, पायथ्याशी नवा कोंब फुटलेला कोरल मरायला टेकला होता म्हणे!

तेव्हा पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी टाकीत घालायचं नाही, सांगणारा घरातला वडीलधारा असला तरी. जानेवारी-फेब्रुवारीत नदीच्या तोंडापासून लांब, भरतीला भरलेलं चालतं, मोजून घ्या. (मीही आणतो. ते भावोजींना ठाऊक नाही.) पाणी थंड ठेवायला पंखाही पावसाळ्यात निकामी, हवाच इतकी ओली की बाष्पीभवन फारसं होत नाही. चिलर लागतो.

आणि हो, सात महिने म्हणजे फार मोठा पराक्रम नव्हे. बहुतेकांकडे हा त्याआधीच आटत जातो, आणि पहिलीच टाकी असेल तर याच्या वाटेला जाऊच नका. शिवाय दगडी कोरल आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे कोरल) १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ग्रांदे बेटावर डुबकी मारायला गेलात तर काही उचलून आणू नका, दुकानातून घेताना कागद बघा.