ताई, बेकी आजारी आहे की नुसती उधळी?

प्रश्न : ताई, परवा त्या शॉपिंगवेड्या बेकी ब्लूमवुडचा 2009 चा सिनेमा बघितला, ‘कन्फेशन्स ऑफ अ शॉपहॉलिक’, नटी आयला फिशरचा. हसून हसून पुरेवाट झाली, पण आमचे हे मध्येच म्हणाले, यात हसण्यासारखं काय आहे, बाई आजारी आहे. खरंच का? आणि मूळ पुस्तक वाचू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वाच गं, बिनधास्त वाच. सोफी किन्सेलाचं पुस्तक 2000 सालचं आणि त्यातली बेकी लंडनची, न्यूयॉर्कला सिनेमावाल्यांनी नेऊन ठेवलीय. नोकरी काय तर बचतीवरच्या मासिकात लिहायचं, लोकांना पैसे कुठे गुंतवा ते सांगायचं, आणि हिच्याच घरी बँकेची पत्रं येऊन पडलेली! खरी धमाल त्या पत्रांतच आहे, बँकेचा मॅनेजर बिचारा सभ्यपणे ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यातल्या शिलकीपेक्षा जास्त उचललेल्या पैशांची, आठवण करतो आणि ही दरवेळी नवी थाप मारते, तो ती खरी धरून काळजीनं उत्तर पाठवतो.

आणि तो करीचा प्रसंग तर आपण मुद्दाम वाचावा असा. बाहेरचं जेवण महाग पडतं म्हणून ही काटकसर करायला घरी करी करायचं ठरवते, मग त्यासाठी नवी भांडी, मसाला दळायला ग्राइंडर, ढीगभर मसाले... म्हणजे आपल्याकडे चार महिने पुरेल एवढं सामान एका रात्रीच्या करीसाठी!

आता तुझ्या ह्यांचं म्हणणं. अगदीच चूक नाहीये. क्रेपेलिन नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं 1915 मध्येच अशा खरेदीच्या झपाटलेपणाबद्दल लिहून ठेवलंय, पण अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या यादीत तो अजूनही वेगळा आजार म्हणून नाही. बेकीचं मात्र बघ, स्कार्फ 340 पौंडांचा 120 ला मिळतोय म्हणजे आपला फायदाच झाला, घेतला की जीव हरखतो आणि बिलाचं पाकीट आलं की उघडायला हात धजत नाही. हे खऱ्या आयुष्यात कोणाचं होत असेल तर डॉक्टरांकडेच न्यायला हवं, पुस्तकात आपण हसतो कारण सगळं तीच सांगते आणि तिची प्रत्येक सबब आपल्याला आरपार दिसते.

मला खटकला तो शेवट. टीव्हीवर चमकते काय, गाडी रुळावर येते काय, एवढं सोपं असतं होय! पुढचे भागही भरपूर आहेत, लग्न, बाळ वगैरे, पण मला विचारशील तर पहिलाच भारी.