ब्रशचे पट्टे आणि बोअरचं पाणी

प्रश्न : दादा, सायनोटाइपसाठी (उन्हात निळे फोटो छापायची जुनी पद्धत) कागदावर सोल्युशन मारायलोय पण ब्रशचे पट्टे उमटायलेत, आणि धुतल्यावर निळा रंग पार फिका पडायलाय. काय करू? – एक वाचक, परभणी

उत्तर : पट्टे बहुतेक उन्हाळ्यामुळं. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली कोटिंग केलं तर दुसरा हात फिरेपर्यंत पहिला वाळलेला असतो, त्यावर परत ब्रश गेला की पट्टा आलाच. रात्री करा, पंखा बंद, पिवळ्या बल्बच्या उजेडात, ब्रश आधी पाण्यात भिजवून चांगला पिळून घ्या, आडवा मग उभा हलका हात मारा आणि ओली चमक जायच्या आत थांबा, घासत बसू नका. दांड्याजवळची पत्र्याची पट्टी गंजलेला ब्रश तर नकोच, निळे ठिपके पडतात.

फिकेपणा मला पाण्याचा वाटतो. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, क्षारवालं, आणि या निळ्याला अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य) अजिबात सोसत नाही. धुण्याच्या पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर नाहीतर लिंबूसत्व टाका. कागदही बघा, बऱ्याच ॲसिड-फ्री कागदांत कॅल्शियम कार्बोनेट असतं, तेही रंग खातं.

प्रमाण जुनंच ठेवा : फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या १०० मिली पाण्यात, लावायच्या वेळी समसमान मिसळायचं.