दस्त्याला दिवाळीनंतर भेग का गेली

तुमचा प्रश्न असा : भिंतीवर लावायची शोभेची तोड्याची (पेटत्या वातीने उडणाऱ्या जुन्या प्रकारची) बंदूक, शिसवीचा दस्ता म्हणजे लाकडी भाग, ऑगस्टमध्ये त्यातल्या खाचेत नळी बसवली आणि दिवाळीनंतर खाचेच्या तळाला लांब भेग गेली. लाकडात खोट नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत लाकूड फुगलेलं असतं आणि तुम्ही त्या मापाला खाच घट्ट केलीत. हवा कोरडी झाली तशी खाच आडवी आकसली. लोखंड आकसलं नाही, मग लाकूडच फाटलं.

आता भेगेत लांबी (पुट्टी) भरू नका. आधी नळी काढा, दस्ता आठवडाभर घरात आडवा ठेवा. खाचेच्या भिंती पटाशीने किंचित खरवडा, मग भेगेत पातळ सुतारी गोंद मुरवा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गुंडाळून एक दिवस तसाच ठेवा. शिकंजा करकचून आवळलात तर गोंद सगळा बाहेर येतो.

पुन्हा बसवताना काजळी वापरा. दिव्याची काजळी दोन थेंब खोबरेलात कालवून नळीवर अगदी पातळ लावायची, नळी खाचेत सरळ दाबायची, सरळच उचलायची. जिथे काळा डाग उठला तिथलंच लाकूड काढायचं, तेही कागदाएवढं. तीस-चाळीस वेळा करावं लागतं. घाई झाली की पटाशी एकदाच खोल जाते आणि तो खड्डा कायमचा राहतो. तळ पूर्ण टेकू द्या, पण दोन्ही बाजूंना पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवीच. नळी इपॉक्सीने अजिबात चिकटवू नका, पितळी पट्ट्यांनीच धरा.

नळी भरीव सळईचीच असू द्या. भोक पाडलेली नळी म्हणजे ती शोभेची वस्तू राहत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. कानाच्या, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकाच्या, जागीही 2 मिमी खोल टिंब पुरे. 20 मिमी चौकोनी सळईची अष्टकोनी नळी करायची तर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे 5.9 मिमीवर रेघ मारा आणि त्या दोन रेघांमधला कोपरा कानशीने उतरवा. आठही बाजू साधारण 8.3 मिमीच्या येतात. मीटरभर सळईचं वजन 3.1 किलोवरून 2.6 वर येतं. तेवढा भार दस्त्याच्या पुढच्या पातळ भागाला पेलावा लागतो, म्हणून खाचेच्या भिंती 4 मिमीपेक्षा बारीक नकोत.

जवसाचं उकळलेलं तेल खाचेच्या आतूनही लावा. लोक हे हमखास विसरतात. मग एकाच बाजूने दमट हवा शिरून दस्ता वाकतो. पातळ तीन हात, प्रत्येकामध्ये किमान एक दिवस. पावसाळ्यात तेल चिकट राहतं, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च हाच काळ धरा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. एकेक पसरून वाळवा. शिसवीचा भुसा घशाला झोंबतो, मास्क लावाच.