जीन फक्त आईबापांकडूनच मिळतात की अजिबात नातं नसलेल्या जीवाकडूनही येऊ शकतात? आणि त्याने उत्क्रांतीला खरंच काही फरक पडतो का? आणि मग भाजी खाल्ल्यावर तिचे जीन आपल्यात येतात का?

येऊ शकतात, आणि त्यासाठी लॅबची गरज नाही. बॅक्टेरियांचा तर हा रोजचा धंदा आहे, मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनए उचलायचा, नाहीतर प्लाझमिड नावाची डीएनएची छोटी रिंग एकमेकांना द्यायची, कधी व्हायरस इकडचं तिकडे नेतो. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे जंतू एकदम तीन-चार अँटिबायोटिक्सना दाद देईनात, ते याचमुळे.

पण तुम्हाला बहुतेक मोठ्या जीवांचं विचारायचंय. माझं आवडतं उदाहरण पांढरी माशी. कपाशी किंवा टोमॅटो लावणाऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको, पानाच्या खालून रस शोषते आणि वर व्हायरसही पसरवते. तर झाडं किडींना मारायला फिनॉलिक ग्लुकोसाइड नावाची विषं बनवतात आणि ती स्वतःलाच बाधू नयेत म्हणून एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ठेवतात, जे विषाला एक रासायनिक शेपूट जोडून ते निकामी करतं. २०२१ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या एन्झाइमचा जीन पांढऱ्या माशीत आहे, आणि तो किड्यांच्या जीनसारखा नाही, झाडांच्या जीनसारखा दिसतो! म्हणजे विष बनवणाऱ्याच्याच घरचा उतारा हिने पळवला, तोही अंदाजे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी, बहुधा एखाद्या व्हायरसमार्फत. मग त्यांनी असा टोमॅटो तयार केला जो माशीतला हा जीन बंद पाडतो, त्यावर बसलेल्या जवळपास सगळ्या माश्या मेल्या आणि बाकीच्या किडींना काहीच झालं नाही. फरक पडतो का याचं यापेक्षा थेट उत्तर मला माहीत नाही.

रताळ्याचीही तीच गत. २०१५ मध्ये लागवडीतल्या २९१ नमुन्यांत तपासलं, सगळ्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचे जीन सापडले. हा मातीतला बॅक्टेरिया झाडाच्या पेशीत स्वतःचा डीएनए घुसवतो, जीएम, म्हणजे जीन बदललेली पिकं करायला शास्त्रज्ञ त्यालाच कामाला लावतात. म्हणजे जीएमच्या नावाने बोटं मोडणारेही एकादशीला निसर्गाने केलेलं जीएमच खातात 😄

हे ऐकून सगळं सरसकट खरं मानू नका मात्र. २०१५ मध्येच टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याचा सहावा हिस्सा डीएनए बाहेरचा आहे अशी मोठी बातमी झाली होती, नंतर कळलं की त्यातला बराचसा सॅम्पलमध्ये मिसळलेल्या बॅक्टेरियांचा होता. प्राण्यांत हे दुर्मिळच, कारण बाहेरचा जीन अंड्याच्या किंवा शुक्राणूच्या वंशातल्या पेशीत शिरला तरच पुढच्या पिढीत जाणार, आणि गेला तरी बहुतेक वेळा काही कामाचा नसतो, मग झिजून जातो. उपयोगी पडला तरच टिकतो, म्हणजे चाळणी डार्विनचीच, फक्त माल बाहेरून आलेला.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की मग भाजी खाल्ल्यावर तिचे जीन आपल्यात येतात का, तर नाही, तो डीएनए पोटात पचतो. रताळी बिनधास्त खा.